सवय लावणारी ॲप्स, दुधाचा रतीब आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी आमच्या वाचनालयात मी मोबाइलचा वर्ग घेते. सुरुवातीला सगळे प्रश्न बँकेच्या ॲपचे आणि रेल्वेच्या तिकिटाचे असायचे. हल्ली निम्मे प्रश्न 'रोज चालायची, वाचायची, वेळेवर झोपायची सवय लावणारं काही आहे का' असे असतात. व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमानेच वाचायला हवं असं नाही. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॅबिट ॲप म्हणजे नेमकं काय? अलार्म लावला की झालं ना?

अलार्म वाजतो आणि विसरून जातो. तुम्ही उठलात की कूस बदललीत, याचं त्याला काही नसतं. हॅबिट ॲप आठवण करतं, काम झालं की खूण करायला लावतं आणि महिनाअखेरीला त्या सगळ्या खुणा तुमच्यासमोर मांडतं. याहून जास्त काही नाही.

माझी आई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब मांडायची. रोजचं एक लिटर, पाहुणे आले त्या दिवशी 'दीड', गावाला गेलो ते दोन दिवस 'खाडा'. हॅबिट ॲप म्हणजे तेच कालनिर्णय, फक्त खिशात मावणारं. आईचा तो खाडा प्रश्न ९ मध्ये पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवा.

२. ॲपमुळे खरंच सवय लागते का? खरं सांगा.

एकट्या ॲपने लागत नाही. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा चालत फिरून खेळायचा मोबाइलवरचा खेळ आला आणि लोक फोन हातात धरून रस्तोरस्ती फिरू लागले. अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंची पावलं मोजून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली होती. सहाव्या आठवड्यात ती जिथल्या तिथे आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे ते जरा लांबले इतकंच.

टिकते ती अडकवलेली सवय. 'संध्याकाळी चालायला जाईन' हे हवेतलं बोलणं झालं. 'चहाचा कप विसळून ठेवला की चपला घालेन' असं ठरवलं, तर रोज होणाऱ्या कामाला नवं काम खुंटीसारखं अडकतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झालं की तमुक करेन' प्रकारच्या ठरवण्यावर बरंच काम केलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक बी. जे. फॉग तर म्हणतात की सुरुवात हास्यास्पद वाटावी इतकी छोटी ठेवा. म्हणजे पहिल्या आठवड्यात फक्त चपला घालून फाटकापर्यंत जाऊन यायचं. खुंटी पक्की बसेपर्यंत राखण करणं, एवढंच ॲपचं काम.

३. २१ दिवसांत सवय लागते ना? माझे २५ झाले, अजून अंथरुणातून उठवत नाही. माझ्यातच दोष आहे का?

दोष त्या २१ मध्ये आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातलं 'किमान' गळालं, चेहराही गळाला, आणि उरला तो आकडा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला. जेवणाबरोबर एखादं फळ, जेवणाआधी थोडं धावणं अशा साध्या गोष्टी लोकांनी निवडल्या होत्या. काम आपोआप होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण पसारा १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा निघाला. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडतो, व्यायामाला वेळ लागतो. तुमचे २५ म्हणजे अजून पहिला अंक चालू आहे.

४. फुकटातलं चांगलं ॲप सांगा. आणि किती सवयी टाकू?

अँड्रॉइडवर मी वर्गात लूप हॅबिट ट्रॅकर उघडून दाखवते. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, नोंदी फोनमध्येच राहतात. 'रोज' ऐवजी 'आठवड्यातून तीनदा' असंही लावता येतं. आयफोनवाल्यांना सुरुवातीला त्यातलंच रिमाइंडर्सचं ॲप पुरतं. एकाग्र बसायचं असेल तर फॉरेस्ट बघा, त्यात फोन बाजूला ठेवला तर पडद्यावर झाड वाढतं आणि मध्येच दुसरं काही उघडलं तर वाळतं. आमच्या वर्गातल्या अकरावीच्या एका मुलीला ते वाळकं झाड बघून खरंच वाईट वाटतं. मला वाटत नाही. ज्याचा त्याचा स्वभाव.

सवयी किती? एक. ती खुंटीला बसली की दुसरी. पहिल्याच दिवशी चौदा सवयी टाकणारे लोक मला दर जानेवारीत भेटतात आणि फेब्रुवारीत दिसत नाहीत.

५. ॲप १०,००० पावलं म्हणतं. माझी ४,०००च्या वर जात नाहीत. काही उपयोग आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. १०,००० हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजेच 'दहा हजार पावलं मोजणारं'. नाव खपलं आणि आकडा जगभर गेला.

२०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. फायदा वाढत वाढत ७,५०० च्या सुमाराला सपाट झाला. तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन लक्ष्य स्वतःच्या हाताने खाली आणा. ४,००० होत असतील तर ५,००० लावा. रोज लाल गोल बघत झोपण्यापेक्षा ते बरं.

६. दिवसभर घरात पायाला भिंगरी असते, तरी फोन ८०० पावलं दाखवतो. आणि हे स्कूटरवरून आले की त्यांची दोन हजार वाढलेली! असं कसं?

फोन पाय मोजत नाही, हादरे मोजतो. त्यात एक छोटा सेन्सर असतो, ठरावीक तालात हिसके बसले की तो पाऊल धरतो. तुम्ही ओटा, बाल्कनी, गच्ची अशा चकरा मारता तेव्हा फोन फ्रिजवर चार्जिंगला असतो. त्याने मोजायचं काय? आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर स्कूटर चालवली की खिशातल्या फोनला प्रत्येक खड्डा पाऊल वाटू शकतो.

साडी किंवा गाऊनला खिसा नसतो ही खरी अडचण आहे. वर्गातल्या दोघीतिघी फोन छोट्या बटव्यात घालून कमरेला खोचतात. मनगटावरचा पट्टा घेतलात तरी कणीक मळताना आणि टाळ्या वाजवत आरती म्हणताना तो दोन-चार पावलं जास्तीची धरेल. आकडा अचूक नसला तरी चालतं, रोज फोन त्याच जागी ठेवा, म्हणजे कालच्याशी आजची तुलना करता येते.

७. रिमाइंडर लावलाय, पण येतच नाही.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. दहातल्या आठ वेळा ॲप निर्दोष असतं, फोनच बॅटरी वाचवायला त्याला मागच्या मागे बंद करून टाकतो. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये हे फार होतं.

ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा आणि 'ॲप माहिती' उघडा. तिथे 'सूचना' चालू आहेत ना ते बघा, कारण अँड्रॉइड १३ पासून ॲपला त्यासाठी परवानगी मागावी लागते आणि घाईत आपण 'नको' दाबलेलं असतं. मग 'बॅटरी'मध्ये जाऊन 'अनिर्बंध' निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. इतकं करून पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावून फोनचा फक्त पडदा बंद करून ठेवा. वाजला तर झालं. 'व्यत्यय आणू नका' चालू राहिल्याने महिनाभर काहीच न वाजलेले फोनही मी पाहिले आहेत. त्यातला एक माझाच होता.

८. रिमाइंडर येतो, पण मी न वाचताच बाजूला सारते. आता काय?

म्हणजे वेळ चुकली आहे. सकाळी सातला डबे भरायची घाई असताना 'पाच मिनिटं ध्यान करा' असं वाजलं तर कोण करणार? तीन दिवस नीट बघा, तुम्ही नेमक्या कधी मोकळ्या असता. रिमाइंडर त्याच्या दोन मिनिटं आधी लावा, दिवसातून एकदाच. दर तासाला 'पाणी प्या' म्हणणाऱ्या ॲपचं पुढे भिंतीवरच्या पालीसारखं होतं, असते पण दिसत नाही.

९. ९० दिवसांची स्ट्रीक (न चुकता सलग झालेल्या दिवसांचा आकडा) होती. एक दिवस चुकला, शून्य झालं. तेव्हापासून ॲप उघडलंच नाही.

आता आईच्या कालनिर्णयकडे परत येऊ. दुधाचा खाडा झाला तर आई काय करायची? तारखेवर 'खाडा' लिहायची, महिन्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्याची घंटी वाजायची. एक खाडा पडला म्हणून कुणी रतीब बंद केल्याचं ऐकलंय? पण स्ट्रीक मोजणारं ॲप नेमकं तेच करतं. नव्वद दिवसांचं दूध एका सकाळीपायी ओतून देतं.

यात धंद्याचा भाग आहे. मोठा आकडा गमवायची भीती तुम्हाला रोज ॲपकडे आणते. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारख्या ॲपलाही शेवटी 'स्ट्रीक फ्रीझ' द्यावं लागलं, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी आकडा शाबूत राहतो. प्रश्न ३ मधल्या लंडनच्या अभ्यासातही एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. फरक आपल्या मनात पडतो. 'गेलंच आता' म्हणून आपण दुसरा दिवसही सोडतो.

माझी स्वतःची एक स्ट्रीक १४३ वर तुटली. भाचीच्या लग्नात होते, रात्री पावणेबाराला आठवलं, कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून रेंज शोधत होते आणि खाली वरात निघाली होती. चौथ्या दिवशी ते ॲप काढलं. भाषा शिकायची म्हणून घेतलेल्या ॲपने मला वरातीतून जिन्यात उभं केलं, हे काही मला पटेना.

करायचं असं: स्ट्रीकचा आकडा लपवता येत असेल तर लपवा. लूपसारख्या ॲपमध्ये सवयीचा जोर टक्क्यांत दिसतो. एक दिवस चुकला तर तो थोडा उतरतो, शून्य होत नाही. आणि स्वतःपुरता नियम ठेवा की सलग दोन खाडे नकोत.

१०. उपवास, पाळी, ताप, वारी, लग्नघर... अशा दिवसांचं काय करायचं?

हे खाडेही नाहीत, या सुट्ट्या आहेत. गावाला जायच्या आधी आपण गवळ्याला सांगून ठेवतो ना, तसं. बऱ्याच ॲपमध्ये दिवस 'वगळा' अशी सोय असते, त्याने हिशेब बिघडत नाही. आधी माहीत असलेले दिवस आधीच वगळा. तापात सूर्यनमस्कार घालून हिरवी खूण मिळवणाऱ्या एका काकांना मी वर्गातच रागावले होते, ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

११. माझी कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, कधी रात्रीची. 'सकाळी ६ वाजता' हे माझ्या उपयोगाचं नाही.

घड्याळ सोडा, घटना धरा. 'उठल्यावर पहिला चहा झाला की' हे दिवसपाळीतही होतं आणि रात्रपाळीतही, फक्त उठणं दुपारी दोनला असतं. 'रोज' ऐवजी 'आठवड्यातून चार वेळा' लावा.

एक खोच आहे. बहुतेक ॲप्सचा दिवस रात्री १२ ला बदलतो. पहाटे दीडला कामाच्या मधल्या सुट्टीत केलेला व्यायाम दुसऱ्या तारखेवर पडतो आणि आदला दिवस रिकामा दिसतो. काही ॲप्समध्ये दिवस पहाटे ३ ला बदलायची सोय असते. ती नसेल तर मागच्या तारखेवर जाऊन खूण करा. ती लबाडी नाही. लबाडी कशाला म्हणायचं ते पुढच्या उत्तरात.

१२. कधी कधी मी काम न करताच टिक करतो. ऑफिसात पावलांची स्पर्धा आहे, तिथे तर सगळेच...

ऐकलंय. फोन मुलाच्या पाळण्याला बांधणारे बाबाही ऐकलेत.

टिक आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे औषधांच्या बाबतीत फार नीट दिसलं. क्षयरोगाच्या उपचारासाठी भारतात ९९डॉट्स नावाची पद्धत आली. गोळी पाकिटातून काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर रुग्णाने फुकट कॉल करायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद होते. साध्या फोनवरही चालणारी, खरोखर हुशार कल्पना. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली, तेव्हा कॉलची नोंद आणि अंगातलं औषध यांत तफावत निघाली. कुणी गोळी घेऊन कॉल केला नव्हता, कुणाचं उलटं होतं.

म्हणून बक्षीस टिकेला लावू नका. बक्षीस आलं की लोक टिकच करायला शिकतात. स्पर्धा करायचीच असेल तर डब्यानंतर सगळ्यांनी मिळून चक्कर मारा. सोबत चालणाऱ्याला फसवता येत नाही.

१३. बाबा ७४ वर्षांचे, बीपीची गोळी विसरतात. त्यांना ॲप टाकून देऊ का?

सवयीच्या ॲपवर गोळ्या सोपवताना मला धास्ती वाटते. बाबा गोळी घेतील, टिक करायला विसरतील, तासाभराने रिमाइंडर पुन्हा वाजेल आणि ते दुसरी गोळी घेतील. हा धोका विसरण्याइतकाच मोठा आहे. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी वारांच्या खणांची डबी आणा. मंगळवारचा खण रिकामा दिसला की विषय संपला. अलार्म हवाच असेल तर तो फक्त 'डबी बघा' म्हणणारा असू दे. एखादी गोळी चुकली तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांना एकदा विचारून डबीच्या झाकणावर चिकटवा.

स्मार्टफोन जमत नसेल तर जबरदस्ती नको. मुंबईच्या आरमान संस्थेची एममित्र सेवा गरोदर बायकांना साध्या फोनवर त्यांच्या भाषेत बोलून माहिती देते, त्यात ॲप कुठेच नाही. तुम्हीही रोज रात्री आठला बाबांना फोन करू शकता. त्यात गोळीखेरीज इतरही चार गोष्टी बोलून होतात.

१४. मुलगी दहा वर्षांची आहे. दप्तर भरणं, दात घासणं याला स्टार देणारं ॲप चांगलं का?

जे काम तिला मुळीच आवडत नाही त्याला थोडे दिवस स्टार द्यायला हरकत नाही. जे तिला आपणहून आवडतं त्याला देऊ नका. १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. तेव्हा वाचनाला स्टार नको, दप्तराला चालेल.

शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. मुलीचं खरं नाव, शाळा, फोटो मागणारं ॲप असेल तर सरळ बंद करा. फ्रिजवरचा तक्ता आणि टिकल्यांचं पाकीट हे कुठल्याही ॲपपेक्षा स्वस्त पडतं.

१५. फोन कमी बघायचाय आणि त्यासाठी पुन्हा फोनमध्येच ॲप! हे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या नाहीत का?

आहेतच. तरी नवीन काही उतरवू नका, २०१८ पासून फोनमध्येच सोय आहे. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. ज्या ॲपवर वेळ जातो त्याला रोजची ३० मिनिटं लावा. अडचण अशी की मर्यादा लावणारे तुम्ही आणि उठवणारेही तुम्हीच. आयफोनवर पासकोड बायकोला किंवा मुलाला टाकायला सांगा. झोपेच्या वेळी पडदा काळा-पांढरा करायची सोयही बघा, रंग गेले की रील्स निम्मी बेचव होतात. आणि चार्जर हॉलमध्ये ठेवा. वर्गातल्या लोकांना सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

१६. सात दिवस फ्री म्हणून घेतलं, ॲप काढूनही टाकलं, तरी पैसे कापले गेले!

ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नसतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, आपल्या फोटोवर दाबा, 'पेमेंट आणि सदस्यत्वे'मध्ये जाऊन सदस्यत्व रद्द करा. आयफोनवर हेच सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली सापडेल. यूपीआयने मंजुरी दिली असेल तर त्या ॲपमधल्या 'ऑटोपे'तही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती बहुधा एसएमएसच्या ढिगाऱ्यात पडलेली असते. ट्रायल घेतली त्याच दिवशी रद्द केली तरी सहसा मुदत संपेपर्यंत ॲप चालतं, म्हणून मी लगेच रद्द करते.

१७. माझं वजन, झोप, पाळीच्या तारखा... हे सगळं जातं कुठे?

ॲपवर अवलंबून आहे. खातं न मागणाऱ्या ॲपचं फोनबाहेर फारसं काही जात नाही. खातं मागितलं की जातं, हे धरून चाला. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो ॲपने खासगी राहील असं सांगूनही वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक, गूगलसारख्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता, २०२१ मध्ये त्यात तडजोड झाली. २०१८ मध्ये तर धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या जगभरच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषा उमटल्या आणि लष्करी तळांचे आराखडेच दिसू लागले. पाणी प्यायची आठवण करणारं ॲप तुमचे संपर्क आणि ठिकाण मागत असेल, तर त्याला पाण्यात रस नाही. धावायच्या ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवायची सोय असते, ती आधी वापरा.

१८. ॲप कधी काढून टाकायचं?

रिमाइंडर वाजला तेव्हा तुम्ही आधीच चालायला निघालेले होतात, असं सलग दोन-तीन आठवडे झालं की. आधी रिमाइंडर बंद करा आणि महिनाभर नुसत्या खुणा करा. मग खुणा करायला विसरू लागाल आणि चालणं मात्र चालूच असेल. तेव्हा काढा. चालणंही थांबलं तर काढायची घाई झाली, पुन्हा टाका, प्रश्न २ पासून सुरू करा. माझ्या फोनमध्ये सध्या एकच सवय नोंदलेली आहे, रात्री चार्जर हॉलमध्ये ठेवायची. गेल्या महिन्यात सहा खाडे आहेत.